पेरलेली चूक

रत्नागिरी सतरा अंशांवर आहे आणि मालवण सोळावर. उत्तर अक्षांशाचं बोलतोय. विमान चालवायला नुकतंच शिकून आलेल्या पोरापोरींना समुद्रावरून वाट कशी काढायची हे शिकवताना मी पहिल्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहायचो. मग विचारायचो, सतराच्या जागी सोळा टाइप झालं तर काय होईल? उत्तरेकडची पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहायची, कारण त्यांना दोन्ही गावं सारखीच परकी. शेवटी मीच सांगायचो की रत्नागिरीला भाचीच्या लग्नाला निघालेला माणूस मालवणच्या जेटीवर उतरेल. उतरेपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही, कारण विमानातलं यंत्र सारखं सांगत राहील की आपण अगदी बरोबर चाललो आहोत. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जिथे जायला सांगितलं तिथे ते नेतं. एका अंशाला एकशे दहा किलोमीटर, अर्ध्या अंशाला पंचावन्न. अर्धा अंश म्हणजे रत्नागिरीच्या जागी अंजनवेल.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हापासून रिक्षा स्टँडवर, मच्छी मार्केटात, अगदी मशिदीबाहेर चपला घालतानासुद्धा मला एकच प्रश्न विचारतात. "कप्तानसाहेब, वर रस्ता असतो काय?" खाली जमीन असते तोवर असतो, असं मी सांगतो. जमिनीवर रडार असतं, खालचा माणूस पडद्यावर तुम्हाला बघत असतो आणि जरा इकडेतिकडे झालात की हटकतो. किनारा सोडून दीड-दोनशे मैल आत गेलं की त्याची नजर पोहोचत नाही. तिथून पुढे तुम्ही कुठे आहात हे जगाला तुम्हीच सांगायचं. नकाशावर बिंदू ठरवून दिलेले असतात, बारा उत्तर साठ पूर्व, नऊ उत्तर पंचावन्न पूर्व असे. एकेक बिंदू ओलांडायचा आणि कळवायचं की इतक्या वाजता इथे होतो, इतक्या वाजता पुढच्या ठिकाणी असेन. त्या शब्दावर विसंबून तुमच्या मागेपुढे आणि आजूबाजूला दुसरी विमानं सोडलेली असतात. आता उपग्रहामुळे यंत्रच परस्पर कळवतं, पण त्या यंत्रात बिंदू भरणारा माणूसच असतो.

माझे वडील मिरकरवाड्यातले तांडेल, होडी घेऊन आठ-आठ दिवस आत जाणारे. त्यांना मी हे सगळं एकदा सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमी पन आमच्यासारखेच. फक्त मासळी नाय."

समुद्रावर बोलायला जो लांब पल्ल्याचा रेडिओ असतो, त्यात शब्दांपेक्षा खरखर जास्त. कढईत भजी तळत असताना पलीकडच्या खोलीतला माणूस बोलावा तसं ऐकू येतं. त्या खरखरीत तीस-बत्तीस वर्षं ओरडून मला फोनवर हळू बोलताच येत नाही. आमची बायको रेहाना म्हणते, मुंबईच्या पोराशी बोलायला तुम्हाला फोन कशाला हवा, गच्चीवर जा.

आणखी एक गंमत सांगतो, ती ऐकून रिक्षावाले खूश होतात. पूर्वी विमानं ठरलेल्या रेषेच्या चार-पाच मैल इकडेतिकडे भरकटायची. आता उपग्रहामुळे सगळी अगदी रेषेवर, केसभरही न हलता जातात. त्यातून नवाच धोका निघाला. एखादा उंचीत चुकला, तर तो नेमका दुसऱ्याच्या डोक्यावर किंवा पायाखाली. म्हणून आता आम्ही रेषेच्या उजवीकडे एक-दोन मैल मुद्दाम सरकून चालवतो. माणूस फार अचूक झाला की त्याला थोडं चुकायला शिकवावं लागतं. हे मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगायचो. मुद्दाम केलेल्या चुकीवर माझा विश्वास होता, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी कागदाविषयी. उड्डाणाच्या आराखड्याच्या प्रती कितीही निघोत, कॉकपिटमध्ये त्यातली एकच खरी मानायची. तिला आम्ही मूळ कागद म्हणायचो. दोन कागद झाले की दोन सत्यं होतात, आणि वरती दोन सत्यांना जागा नसते. एका वैमानिकाने त्या कागदावरचे बिंदू बॉक्समध्ये टाइप करायचे. बॉक्स म्हणजे वाट दाखवणारा संगणक. मग दुसऱ्याने ते आकडे कागदावरून नाही, बॉक्समधून मोठ्याने वाचायचे आणि नंतर कागदाशी ताडायचे. क्रम उलटा केला तर डोळा लबाडी करतो. कागदावर बारा वाचलं की बॉक्समधलं तेरासुद्धा त्याला बारा दिसतं. दुसऱ्याने पडताळलं की त्या बिंदूभोवती गोल काढायचा. वर गेल्यावर, बिंदू यायच्या आधी पुढच्या टप्प्याची दिशा आणि अंतर जुळलं की गोलावर टिक करायची. बिंदू ओलांडला की फुली. दहा मिनिटांनी पुन्हा आपली जागा नकाशावर मांडून बघायची. गोल, टिक, फुली. एवढ्यावर माझं सगळं आयुष्य गेलं. बाजाराची यादी दिली तरी मी तिच्यावर गोल काढतो आणि रेहाना मला पुन्हा बाजारात पाठवते, कारण गोल काढलेल्या कोथिंबिरीवर फुली मारायची राहून गेलेली असते.

शेवटची अकरा वर्षं मी कंपनीत परीक्षक होतो. परीक्षक झाल्यावर काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं की हे पडताळणं म्हणजे पोपटपंची झाली आहे. पोरं बॉक्समधून भराभर वाचायची, मान डोलवायची आणि गोल काढून मोकळी व्हायची. म्हणून मी एक युक्ती काढली. परीक्षेच्या दिवशी बिंदू टाइप करायचं काम मी माझ्याकडे घ्यायचो आणि एका बिंदूत जाणूनबुजून एक अंश चुकवायचो. समोरच्याला सापडलं तर ठीक. विमानाचं दार बंद होईपर्यंत सापडलं नाही, तर मी स्वतः दुरुस्त करायचो आणि त्याला नापास करायचो. चूक हुशारीने निवडायचो, एकूण अंतरात दहा-बारा मैलांपलीकडे फरक पडणार नाही अशी. नियमात हे कुठेच बसत नव्हतं. पण नियम करणाऱ्यांना कोकणातल्या माणसाइतका संशय नसतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मी होडेकर, म्हणून कंपनीत याला होडेकरांची पेरणी म्हणायचे. मला ते आवडायचं. सगळ्यांना हेही ठाऊक झालं होतं की होडेकर एकच पेरतात.

अश्विनी शिगवण हातखंब्याच्या पुढच्या गावातली, एसटी ड्रायव्हरची मुलगी. सहवैमानिक म्हणून नऊ वर्षं काढलेली. कॅप्टनची चौथी पट्टी खांद्यावर चढायला तिची एकच उड्डाण-परीक्षा उरली होती. आधी एकदा कंपनीच्याच अडचणीमुळे ती पुढे ढकलली गेली होती, आणि या वेळी हुकली असती तर मागून आलेले दोघं तिच्या पुढे जाणार होते. ही परीक्षा माझ्याकडे आली. मुंबईहून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला, सकाळी निघून दुपारी पोहोचायचं, कॉकपिटमध्ये आम्ही दोघंच. परीक्षेत उमेदवार कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसतो आणि परीक्षक उजवीकडे सहवैमानिकाचं काम करतो. कागदोपत्री विमान माझं होतं आणि खुर्चीवरून तिचं.

ती इंजिनियरशी बोलत विमानाची तांत्रिक वही तपासत होती तेवढ्यात मी बिंदू टाइप केले. समुद्रावरचा पहिला बिंदू साडेचौदा उत्तर पासष्ट पूर्व. दुसरा बारा उत्तर साठ पूर्व. त्या बाराचे मी तेरा केले. पहिला बिंदू टाइप करत होतो तेव्हाच केबिनचा प्रमुख दारात येऊन विचारू लागला होता की साहेब, तुमच्यासाठी मासा ठेवू की चिकन. रत्नागिरीच्या माणसाला विमानातला मासा देऊ करणं हा अपमान असतो, हे मी त्याला दोन मिनिटं समजावलं. मग उरलेले बिंदू भरले आणि हात पुसून बसलो.

अश्विनी आली, कागद मांडीवर घेतला आणि बॉक्समधून वाचू लागली. पहिल्याच बिंदूला थांबली.

"सर, इथे चूक आहे."

"सापडली ना? शाब्बास," मी म्हटलं. "दुरुस्त करा."

मी बघितलंसुद्धा नाही. काय बघायचं, पेरणी माझीच. तिने दुरुस्त केलं आणि ती हसली. तिलाही ठाऊक होतं की होडेकर एकच पेरतात आणि आपल्याला ती मिळाली. पोरगी आपल्याच गावाकडची, पहिल्या फटक्यात तिने चूक धरली, या आनंदात मी तिच्या मांडीवरचा कागद घेतला आणि उरलेल्या सगळ्या बिंदूंना एका दमात गोल काढले. तिने ते बघितलं. ती काही बोलली नाही. दार बंद झालं आणि आम्ही निघालो.

झालं होतं ते असं. मासा की चिकनच्या भानगडीत पहिल्या बिंदूतला अर्धा अंश माझ्या हातून राहून गेला होता. साडेचौदाच्या जागी नुसते चौदा. तिला सापडली ती माझी खरीखुरी, न पेरलेली चूक. पेरलेली दुसऱ्या बिंदूत तशीच बसून होती, आणि तिच्याभोवती परीक्षकाने स्वतःच्या हाताने गोल काढला होता.

मुंबई सोडून तासभर झाला. खाली सगळं पाणीच. मी उजवीकडे बसून मनातल्या मनात तिच्या परीक्षेचा फॉर्म भरत होतो, सगळं उत्तम. पहिला बिंदू दहा-बारा मिनिटांवर आला तेव्हा तिने पुढच्या टप्प्याची दिशा आणि अंतर ताडायला घेतलं.

"सर, जुळत नाही. कागदावर तीनशे अठ्ठावीस मैल. बॉक्स तीनशे पाच म्हणतो. दिशेतही दहा अंशांचा फरक आहे."

"खरी उत्तर दिशा आणि होकायंत्राची चुंबकीय उत्तर यांच्यात गल्लत करताय तुम्ही," मी म्हटलं. परीक्षकाच्या तोंडी अशी चार-पाच उत्तरं कायम तयार असतात.

"इथे दोन्हींत एकदोन अंशांहून जास्त फरक नसतो, सर. तुम्हीच शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. मला राग आला. म्हटलं, आराखडा कधी कधी असा येतो, ऑफिसातल्या लोकांनी आकडेमोड ढिली केलेली असते, टिक करा आणि पुढे व्हा.

तिने पेन कागदावर आडवं ठेवलं. "मी टिक नाही करणार."

"अश्विनी, गोल काढलेला बिंदू आहे तो."

"गोल तुम्ही काढलात, सर. मी वाचला नव्हता."

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. फॉर्ममधलं उत्तम मी मनात खोडलं आणि त्याजागी लिहू लागलो, वाद घालण्याची वृत्ती, वरिष्ठांच्या अनुभवाचा आदर नाही. दोनशेहून जास्त माणसं मागे जेवत होती, आणि मी पुढे बसून वाक्यरचना ठीक करत होतो. रत्नागिरीची मुलगी रत्नागिरीच्या माणसाशी वाद घालते म्हणजे काय, ही चीडही त्यात होती. वाद घालायचा हक्क माझा.

"सहा मिनिटं राहिली," ती म्हणाली. मग आवाज चढला तशी तिची भाषा घरची झाली. "सर, तुमी काय पन बोलताव. आकडा जुळत नाय म्हंजे नाय. मी सगळा परत वाचतंय."

तिने बॉक्समध्ये त्या बिंदूचे संपूर्ण आकडे उघडले आणि एकेक अक्षर सुटं करत वाचलं. उत्तर, एक, तीन. मग कागदावर बोट ठेवून वाचलं. उत्तर, एक, दोन.

ते तेरा मी बघितल्याबरोबर ओळखलं. आपलं पोर कुठल्याही गर्दीत आपल्याला ओळखू येतंच.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"मग सकाळची?"

"तीही माझीच."

तिने तेराचे बारा केले. मी बॉक्समधून वाचलं, तिने कागदाशी ताडलं, दिशा जुळली, अंतर जुळलं, आणि तिने टिक केली. पहिला बिंदू तीन मिनिटांनी आला आणि विमान जिकडे वळायचं तिकडे वळलं. मागे कोणाचा चमचासुद्धा हलला नाही. खाली कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

उरलेल्या प्रवासात आम्ही कामापुरतं बोललो. प्रत्येक बिंदूला गोल, टिक, फुली, दहा मिनिटांनी नकाशावर जागा. इतकं चोख उड्डाण मी आयुष्यात केलं नव्हतं. घाबरलेला माणूस नियम फार छान पाळतो.

दुपारी हॉटेलच्या अंगणात कॉफी समोर घेऊन आम्ही बसलो. मी म्हटलं, "अश्विनी, मला या प्रकाराचा अहवाल द्यायला हवा. चूक परीक्षकाने मुद्दाम घातली होती हे त्यात लिहिलं, की परीक्षा रद्द होईल. तुमचा दोष नसताना. नाही लिहिलं, तर सोमवारी तुमच्या खांद्यावर चार पट्ट्या असतील. तुम्ही सांगाल तसं करू."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. स्वतःच्या पापाचा निवाडा मी तिच्या गळ्यात बांधत होतो.

"सर, मी माझा अहवाल लिहिला पण," ती म्हणाली, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

तिने लिहिलं होतं की परीक्षक एकच चूक पेरतात हे ठाऊक असल्यामुळे पहिली सापडताच तिने वाचणं थांबवलं. न वाचलेल्या बिंदूंना गोल काढले जात असताना, कॅप्टनच्या खुर्चीत बसून, तिने हरकत घेतली नाही. दोष तिचा. माझ्या पेरणीचं एका ओळीत, नुसती घडलेली गोष्ट म्हणून लिहिलं होतं. पहिला बिंदू यायच्या आधी मी जी उडवाउडवीची उत्तरं दिली, त्याबद्दल अक्षर नव्हतं.

मी म्हटलं, हे चालणार नाही, दोष सगळा माझा आहे. ती म्हणाली, तुमचा तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी. मी म्हटलं, परीक्षकाने शाब्बास म्हटल्यावर कोण पुढे वाचतं? ती म्हणाली, कॅप्टन वाचतो. दुसऱ्याच्या अंगावर दोष ढकलण्यात आम्हा रत्नागिरीकरांचा हात कोणी धरत नाही, अशी आमची ख्याती. त्या दुपारी आम्ही दोघं तासभर एकाच दोषासाठी भांडलो आणि एकालाही तो सोडवेना. कॉफी निवून गेली. वेटरने दोनदा येऊन विचारलं की काही कमी आहे का. शेवटी दोघांनी आपापला अहवाल जसाच्या तसा पाठवला. माझ्या अहवालात मी उडवाउडवीची उत्तरंही लिहिली, शब्द न शब्द.

आमचे प्रमुख पुण्याचे. त्यांनी आम्हाला एकत्र बोलावलं, पाणी विचारलं, चष्मा पुसला. "दोघांचेही अहवाल मी दोनदा वाचले," ते म्हणाले. "दोघांचंही म्हणणं मला पूर्णपणे पटलं आहे."

माझं परीक्षकपद गेलं. तिची परीक्षा रद्द झाली. यापुढे विमानात कोणी मुद्दाम चूक ठेवायची नाही, असं परिपत्रक निघालं. त्यात माझं नाव नव्हतं, पण कंपनीत सगळे त्याला होडेकर परिपत्रक म्हणू लागले. पुढची परीक्षा मिळायला तिला चार महिने लागले, आणि तेवढ्यात मागचे दोघं तिच्या पुढे गेले. विमान कंपनीत एकदा मागे पडलेला नंबर जन्मभर मागे राहतो. कुठलं विमान, कुठला मार्ग, कुठली सुट्टी, सगळं त्या नंबरावर ठरतं. हे चार महिने तिच्या हातून गेले ते माझ्या ऐटीमुळे. तेव्हाही मला याचं वाईट वाटलं आणि आजही वाटतं. त्यात मी कधी विनोद शोधायला गेलो नाही.

ती कॅप्टन झाली तोवर मी निवृत्त होऊन घरी आलो होतो. एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि एक उंच, काटकुळे गृहस्थ उतरले. इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी.

"मी दत्ताराम शिगवण. अश्विनीचा बाप."

मी त्यांना आत घेतलं. रेहानाने पाणी आणलं. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. मी चहाचं विचारलं.

"चा नको," ते म्हणाले.

आमच्याकडे माणूस भांडायला आला तरी चहा घेतो. मी समोर बसलो. रेहाना पडद्याआड थांबली, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढून मांडीवर ठेवला. "ह्ये तिनं तुमाला द्यायला सांगितलान. पन आदी मला एक इचारायचा हाय. ती सांगते, सरांनी मला घडवला. मी म्हटलं, आसंल. मंग कायतरी बोलता बोलता ती म्हनाली की तुमी गाडीत मुद्दाम चूक ठेवायचाव. खरा हाय काय?"

"खरं आहे," मी म्हटलं. "परीक्षेसाठी."

"मी बत्तीस वर्सं एसटी चालवली. आमच्या डेपोत पन ड्रायव्हरची परीक्षा व्हायची. पन परीक्षा म्हनून कोनी ब्रेक ढिला करून ठेवला नाय."

मी म्हटलं, सुटायच्या आधी मी ती चूक काढून टाकायचो.

"त्या दिवशी काढलात?"

"नाही."

"मागं मानसं होती?"

"होती."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. वर्कशॉपमध्ये गाडीखाली वाकून बघितल्यावर मेकॅनिक हलवतो तशी.

"आता करत नाय ना तसा?"

"आता मी विमानच चालवत नाही."

"ता सोडा. चालवत आसतात तर?"

पद गेलं तेव्हा मी ऑफिसवर चिडलो होतो. मग नशिबाला बोल लावला, मासा की चिकन विचारणाऱ्या त्या माणसालासुद्धा लावला. अहवालात मी दोष घेतला होता, पण तो त्या एका दिवसाचा. आधीच्या अकरा वर्षांबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. अकरा वर्षं माझी पेरणी उगवली नाही, ती माझ्या हुशारीमुळे नाही. नुसतं नशीब.

"नसतं केलं," मी म्हटलं. "त्या दिवशी चुकलं असं मी सगळ्यांना सांगत आलोय. पण मी पहिल्या दिवसापासून चुकत होतो. माझ्या परीक्षेपायी मागच्या माणसांचा जीव टांगणीला लावायचा मला हक्क नव्हता. शिगवणभाऊ, तुमच्या मुलीचे चार महिने माझ्यामुळे गेले. मला माफ करा."

पडद्यामागे बांगड्या वाजायच्या थांबल्या. शिगवणांनी मांडीवरचा बॉक्स उचलून टीपॉयवर माझ्यासमोर ठेवला, दोरी सोडली आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

"चा सांगा आता," ते म्हणाले. "साखर कमी."